बेथायाची हजेरी

रविवार, २ नोव्हेंबर १९५८

आईच्या बायबलला पितळेची कडी होती. रविवारची जेवणं उरकली की ती कडी उघडायची, आणि त्या ‘टक्’ आवाजासरशी आम्ही भावंडं गप्प व्हायचो. पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलेली घराण्यातली नावं आई खालून वर वाचत जायची. आजी, पणजी, खापरपणजी असं करत करत सगळ्यांत वर, शाई विटून तपकिरी झालेला जोथम टार्बेल. त्याच्यापुढे गाव लिहिलेलं: हार्टस्टेड, मॅसॅच्युसेट्स. पासष्ट वर्षं झाली या गोष्टीला. आज दुपारी बस या गावाच्या चौकात थांबली आणि तोच ‘टक्’ ऐकू आला. बसच्या दाराची कडी असणार. पण म्हातारपणी अशा गोष्टींचे अर्थ लावायचे नाहीत, तर मग कधी लावायचे?

घरमालक हायरम डोव्ह गाडी घेऊन आला होता. साठीचा आहे, लाकडं फोडून फोडून खांदे पुढे आलेले. गावचं दुकान आणि टपाल, दोन्ही तोच बघतो. माझ्या पुस्तकांच्या पेट्या उचलताना त्यानं विचारलं, ‘मास्तर, हे काय, हिवाळ्यात जाळायला आणलंय?’ मी म्हटलं, कविता आहेत बहुतेक. तो म्हणाला, ‘मग लवकर पेटतील.’

घर जोथमनं स्वतः बांधलेलं. मागे जमिनीपर्यंत उतरत गेलेलं छप्पर, मधोमध भलं मोठं धुराडं, खाली स्वयंपाकघर नि बैठक, वर दोन ठेंगण्या खोल्या. मागच्या शेताला दगडी बांध. दुकान दोन मैलांवर. फोन हवा असेल तर तिथवर चालत जायचं. मला चालायला आवडतं.

गावाची एक रीत फार गोड वाटली. प्रत्येक घराच्या दारात लहानशी घंटा टांगलेली आहे. संध्याकाळ झाली की आया ती वाजवतात आणि पोरं घरी पळतात. नावानं हाका मारणं नाही, आरडाओरडा नाही. चाळीस वर्षं शाळेच्या घंटेवर जगलेल्या माणसाला याहून चांगलं गाव कुठलं मिळणार?

का आलो ते लिहून ठेवतो, कारण हल्ली माझं मन वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली बसतं. माझ्या वेराला एकोणचाळिसाव्या वर्षी दिवस गेलेत. यापूर्वी तीनदा पदरी निराशा आली. नाताळात बाळ व्हायचंय. निघताना ती म्हणाली, ‘बाबा, नाव तुम्ही शोधून आणा. आपल्यातलं, जुनं आणि टिकाऊ.’ टिकाऊ म्हणताना तिचा आवाज जरा हलला. ते नाव न्यायला मी आलोय.


बुधवार, ५ नोव्हेंबर

गावच्या कचेरीतल्या मिस युनिस लॅथम यांची ओळख झाली. ऐंशीच्या पुढच्या असतील. गावचे जन्ममृत्यू त्यांच्या ताब्यात आहेत आणि त्या ते पोटच्या पोरांसारखे सांभाळतात. मी ‘टार्बेल’ म्हणताच त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, दर उन्हाळ्यात असे चार येतात, सगळ्यांना पूर्वज सेनापती हवा असतो. मी म्हटलं, माझा लाकडी पिंपं करायचा. त्या म्हणाल्या, ‘मग बसा.’

मूळ हस्तलिखित वही तिजोरीत आहे आणि किल्ली ज्या गृहस्थांकडे आहे ते शिकारीला गेलेत. तोवर छापील पुस्तक मिळालं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी मूळ वहीवरून उतरवलेलं.

जोथम आणि बायको लीडिया. मुलगी बेथाया, जन्म १७०७. पुढच्या पानांवर बेथाया टार्बेलचं लग्न, १७२९. मृत्यू १७९०, वय त्र्याऐंशी.

बेथाया. मी ते नाव तिथंच दोनतीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. मला काहीही मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही, ही जुनी खोड. मिस लॅथमनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, घरी एकटेच असता तेव्हाही असंच वाचता का. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, मनात वाचायची सवय करा, थंडीत घसा जपतो.

त्र्याऐंशी वर्षं. याहून टिकाऊ नाव कुठून आणू?


शनिवार, ८ नोव्हेंबर

हायरमच्या दुकानातून वेराला हार्टफर्डला फोन लावला.  नाव ऐकून ती म्हणाली, ‘बाबा, पुन्हा म्हणा.’ मी पुन्हा म्हटलं. मागून जावई ग्लेन ओरडत होता, मुलगा झाला तर काय. मी म्हटलं, जोथम. वेरा म्हणाली, ‘मग मुलगीच होऊ दे रे देवा.’ किती दिवसांनी ती अशी खळखळून हसली.

येताना दोन मैल मी तरंगत आलो. ओढ्याच्या पुलावर उभं राहून चौथीला शिकवायचो ती नदीची कविता पाण्यालाच म्हणून दाखवली. हायरमची गाडी कधी मागे येऊन थांबली कळलंच नाही. तो म्हणाला, पाणी पास झालं का.


बुधवार, १२ नोव्हेंबर

एक गंमत लिहितो. संध्याकाळी चार वाजताच अंधारून येतं, आणि ती वेळ एकट्या माणसाला खायला उठते. आज वेळ जाईना म्हणून टिपणांची वही घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि घराण्याची हजेरी घेतली. शाळेत घ्यायचो तशी, एकेक नाव, मध्ये थांबून. जोथम टार्बेल. शांतता. लीडिया टार्बेल. चुलीत लाकूड तडकलं. बेथाया टार्बेल.

वरून ‘ओ’ आली.

बारीक आवाज, खेळता खेळता दिलेली ओ. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. उलट माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्त झाल्यापासून माझ्या हाकेला कुणी ओ दिली नव्हती. वर जाऊन पाहिलं. दोन्ही खोल्या रिकाम्या. वाऱ्याची शीळ असेल, किंवा चाळीस वर्षांची पोरं कानात साठून राहिली असतील.


रविवार, १६ नोव्हेंबर

रात्रीतून पहिलं बर्फ पडलं. सकाळी दार उघडलं तर समोर नुसता पाटी पुसल्यासारखा पांढरा पसारा. त्यावर मागच्या बांधापासून माझ्या पायरीपर्यंत लहान पावलं उमटलेली. चिमुकल्या बुटांची. येणारी होती, जाणारी नव्हती.

हायरम लाकडं टाकायला आला तेव्हा त्याला दाखवली. तो वाकून बघत राहिला, मग म्हणाला, कोल्हा. मी म्हटलं, बूट घातलेला कोल्हा मी फक्त पुस्तकात पाहिलाय. तो हसला नाही. दोन मैलांत एकही लहान मूल नाही, हे त्यानं न विचारता सांगितलं. मग फावड्यानं सगळी वाट साफ करून गेला. मी तसं सांगितलं नव्हतं.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

किल्लीवाले गृहस्थ परत आले. मूळ वही आज हातात पडली.

वही उघडण्यापूर्वी मिस लॅथम म्हणाल्या, ‘मास्तर, छापील पुस्तक म्हणजे शेजारणीनं सांगितलेली गोष्ट. ही वही म्हणजे जिच्या घरात घडलं ती बाई.’ वाटलं, वय झालं की माणसं असं बोलतात. मग पान सापडलं.

जोथम आणि लीडिया यांची मुलगी बेथाया, जन्म १७०७. जोथम आणि लीडिया यांची मुलगी बेथाया, जन्म १७११. पुन्हा बेथाया, १७१५. पुन्हा बेथाया, १७१९.

चौघी.

पहिली गेली आणि तिचं नाव दुसरीला दिलं. दुसरी गेली, तिसरीला. त्या काळी घरोघरी हे चालायचं. मेलेल्याचं नाव पुढच्याला, जसा लहान झालेला सदरा पाठच्या भावाला. वंशावळी धुंडाळणाऱ्यांचा हा पहिला धडा आणि मी तोच विसरलो. छापील पुस्तक करणाऱ्याला वाटलं असेल, कारकुनानं एकच नोंद पुन्हा पुन्हा केली. त्यानं तिघी गाळल्या. आणि १७२९ साली लग्न करून त्र्याऐंशी वर्षं जगलेली बेथाया कोण? जोथमच्या भावाची मुलगी. दोन पानं उलटली तर तिचा जन्म स्वच्छ लिहिलेला होता.

जोथमच्या चौघीही आपापल्या चौथ्या हिवाळ्यात गेल्या. एकही पाचवा हिवाळा पाहू शकली नाही.

१७२४ मध्ये आणखी एक मुलगी झाली, रूथ. ती एक्याऐंशी वर्षं जगली. मी तिच्या वंशातला.

आजच वेराला फोन करायला हवा होता. दुकानावरूनच घरी आलो, आत गेलो नाही. काय सांगू तिला, की बाप जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवत आला आणि स्वतः असा चुकला? बाळाला अजून महिना आहे. उद्या सांगेन.


गुरुवार, २० नोव्हेंबर

कालही गेलो नाही.

आज मिस लॅथमनी आपणहून एक पातळ वही पुढे केली. जोथमच्या काळच्या इथल्या पाद्रीची टिपणं. ती त्या कुणाला दाखवत नाहीत. मला का दाखवता असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘त्या घरात नाव मोठ्यानं वाचणारे तुम्ही पहिलेच.’

जे वाचलं ते माझ्या शब्दांत.

पहिली बेथाया बर्फाच्या वादळात हरवली. आई तीन दिवस दारात उभी राहून नावानं हाका मारत होती. मार्चमध्ये बर्फ वितळलं तेव्हा ती दगडी बांधाशी सापडली, दारापासून वीस पावलांवर. हाकेच्या रोखानं येत होती.

मग दुसरी झाली. तिला तेच कपडे, तेच बूट, तेच नाव. संध्याकाळी आई तिला दारातून हाक मारायची. पाद्री लिहितो: ‘ती सांगते, हाक एकीला मारते, पायरीवर पावलं दोघींची येतात.’ चौथ्या हिवाळ्यात दुसरी भर दुपारी दार उघडून निघून गेली. बांधाशी सापडली. तिसरी घरातच गेली, अंथरुणात, चुलीशेजारी. केसांत बर्फ होतं. चौथीच्या वेळी आईनं हाक मारणंच सोडलं होतं. पण बाप विसरला, एकदाच.

रूथच्या वेळी तिचे आईबाप पुन्हा तेच नाव मागायला आले तेव्हा पाद्रीनं नकार दिला. ‘नाव एक आहे,’ तो लिहितो, ‘आणि ज्या पोरीचं ते आहे ती ते मागायला येते. तिच्या जागी मीही आलो असतो.’

मिस लॅथम म्हणाल्या, या गावात तेव्हापासून पोरांना दारातून नावानं बोलावत नाहीत. घंटा वाजवतात.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

उजाडताच दुकानावर गेलो. फोन ग्लेननं घेतला. तो रडत होता आणि हसत होता.

बाळ बुधवारी झालं. महिनाभर आधी. मुलगी. श्वास लागेना, डॉक्टरांनी आशा सोडली. दवाखान्यातल्या पाद्रींनी बाप्तिस्म्यासाठी घाईनं विचारलं, नाव काय ठेवायचं, आणि वेरानं सांगितलं. ग्लेन म्हणाला, ‘बाबा, शपथेवर सांगतो, नाव उच्चारलं आणि पोरगी रडली. वेरा म्हणते, नावानंच वाचवली. तुम्ही वाचवलीत.’

मी काय बोललो ते आठवत नाही. अभिनंदन म्हणालो असेन.

मंगळवारी फोन केला असता तर वेगळं नाव असतं. एक दिवस. माझ्या लाजेपायी.

आता वेराला कुठल्या तोंडानं सांगू, की जे नाव घेऊन तुझं पोर जगलं ते काढून घे? तीन गमावलेली आई आहे ती.


रविवार, २३ नोव्हेंबर

घरात बेथाया एकटी नाही. गेले काही दिवस जिन्यावर पावलं वाजतात. मला वाटत होतं की एकच मूल खालीवर करतंय. आज जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे उमटले, एकाखाली एक चार जोड्या, एकाच क्षणी. सगळे एका मापाचे. साहजिक आहे. चौघीही त्याच वयाच्या राहिल्या, आणि बूटही तेच.


गुरुवार, २७ नोव्हेंबर, आभारदिन

हायरमच्या बायकोनं लाल भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला ‘पाय’ आणि टर्कीची तंगडी पाठवली. हायरम म्हणाला, चला आमच्याकडे राहायला, हिवाळाभर. त्याच्या बायकोचं बोलणं सोडलं तर घर उबदार आहे, असंही म्हणाला. मी नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही.

कारण असं. मी गेलो तर या पोरींना इथे धरून कोण ठेवणार? हार्टफर्डला रोज कुणीतरी बेथाया म्हणून हाक मारतंय. नव्वद मैल म्हणजे त्यांना काय? पहिलीनं मरतानाही हाकेची वाट सोडली नव्हती.

तेव्हा दुपारी तीनला वर्ग भरवतो. मी स्वयंपाकघरात, त्या जिन्यावर. हजेरी घेतो. बेथाया. ओ. बेथाया. ओ. चार वेळा. मग कविता. बर्फाची सोडून सगळ्या शिकवतो. नदीच्या कवितेत तिसऱ्या कडव्यापाशी वरच्या पायरीवर एक टाच ठेका धरते. चांगली मुलगी आहे ती. पहिली असावी.

आज एक युक्ती केली. त्यांना नवी नावं वाटली. प्रत्येकीला स्वतःचं, कुणी न वापरलेलं. तुझं मेरियन, तुझं एल्सी, तुझं डोरा, तुझं हॅझेल. हजेरी घेतली. चारही नावांना शांतता. एवढी शांतता मी चाळीस वर्षांत वर्गात ऐकली नव्हती. मग खोली थंड पडत गेली, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलं. मी पाटी पुसल्यासारखा हात हवेत फिरवला आणि म्हटलं, बरं, राहू दे. बेथाया.

ओ.


मंगळवार, २ डिसेंबर

वेराचं पत्र. पानभर बाळाचं वर्णन. शेवटी लिहिलंय, ‘बाबा, मी तिला दिवसभर नावानंच हाक मारते. हाक मारली की मान वळवते. एवढंसं बाळ, आणि दाराकडे वळवते.’

वर्ग दोन तास चालवला.


शुक्रवार, ५ डिसेंबर

बांधाशी गेलो होतो, चार दगड रचायला. प्रत्येकीला एकेक, निदान आपापली जागा असावी म्हणून. पाय घसरला. घोटा सुजून भाकरीएवढा झालाय. हायरमनं उचलून आणलं. दुकानापर्यंत चालणं आता नाही.

त्याच्याजवळ वेरासाठी पत्र दिलं. सगळं लिहिलंय, वेडा समजली तरी चालेल. शेवटची ओळ तीनदा गिरवली: नाव बदल, आणि तोवर हाक मारू नकोस.


मंगळवार, ९ डिसेंबर

हजेरी. बेथाया, ओ. बेथाया, ओ. बेथाया, ओ. बेथाया.

चौथी नाही.

पुन्हा घेतली. तीनच. इतर तिघी अंग चोरून बसलेल्या, वर्गातलं एखादं मूल पळून गेलं की बाकीची बसतात तशा. कुठे गेली म्हणून विचारलं. कुणी सांगेना. सहा वाजेपर्यंत नव्हती. मग जिन्यावर पावलं आली, ओली.


बुधवार, १० डिसेंबर

हायरम आला. ग्लेनचा निरोप होता. काल दुपारी बाळ अचानक गार पडलं, निळं झालं. पाळण्यात, शेगडीजवळ. सहाच्या सुमारास ऊब आली. आता बरं आहे. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

वेराला पत्र मिळालं का विचारलं. निरोपात तसं काही नव्हतं. हायरमनं खिसे चाचपले. मग उठून गाडीपाशी गेला. पत्र गाडीच्या बैठकीखाली होतं. पाच दिवस. तो तोंड वर करीना. म्हणाला, आत्ताच्या आत्ता टाकतो.

त्याला काय बोलू. मी तरी दोन दिवस गप्प होतो.


शनिवार, १३ डिसेंबर

दोघीच हजर.

आवाज बसलाय, तरी वाचतो. थांबलो की उठतात.


सोमवार, १५ डिसेंबर

चौघी. बऱ्या आहेत. मी नाही.

पाद्रीनं लिहिलं होतं, ज्या पोरीचं नाव आहे ती मागायला येते. तेव्हा एक यायची. आता चौघी. त्यांना चौथ्या हिवाळ्यापर्यंत थांबायचं कारण उरलेलं नाही.

त्यांना समजावलं. म्हटलं, ती एवढीशी आहे, तुमच्या बहिणीच्या, रूथच्या वंशातली आहे, तिला राहू द्या. एकीनं विचारलं—पहिल्यांदाच शब्द, फक्त ओ नव्हे—विचारलं की मग आमचं काय.

मी पुन्हा हजेरी सुरू केली.


बुधवार, १७ डिसेंबर

बर्फ. रस्ता बंद. हायरम नाही. लाकडं दोन-तीन दिवसांपुरती.

हजेरी तीन वेळा घेतली. आल्या. मुद्दाम उशिरानं ओ देतात आता—कान दुसरीकडे.


शुक्रवार, १९ डिसेंबर

रस्ता मोकळा केला असावा, लांबून गाडीचा आवाज येत होता. हायरम आला नाही.

घसा गेला. नाव ओठांनी म्हणतो. त्यांना पुरत नाही.

दार उघडं सापडलं सकाळी. आतून—


शनिवार, २० डिसेंबर

हायरम सकाळी आला. पत्राचं उत्तर नाही. पोचलंही नसेल या बर्फात. तो जरा ओशाळून म्हणाला, माझा घोटा, हा खोकला, हे सगळं बघून त्यानं परवा हार्टफर्डला फोन करून वेराला माझी अवस्था सांगितली, मला न विचारता. आज इकडे येण्याआधी पुन्हा लावला तर तिथे कुणी उचलला नाही असंही म्हणाला.  लाकडं रचून गेला.

तीन वाजले. वर्ग. आवाज नाही म्हणून टेबलावर पट्टी आपटून ठेका धरतोय, नदीच्या कवितेचा. जिन्यावर चौघी. बसल्यात.

बसल्यात अजून.

साडेतीन. गाडी. हायरमची नव्हे, तिचं इंजिन खोकतं. ही वेगळी. फाटकाशी थांबली. खिडकीतून—निळा कोट—

वेरा. वेरा आहे. हातात शालीत गुंडाळलेलं—इतक्या थंडीत, एवढ्या लांबून—मला बघायला—

पट्टी आपटतोय. जोरात. एका हातानं हे लिहितोय, का लिहितोय, उठता येत नाही, ओरडता येत नाही. नको म्हणायचंय. फक्त नको. घशातून हवा येते नुसती.

ठेका चुकला. जिन्यावर चौघी उभ्या.

पायरीवर तिचे बूट. बर्फ झटकतेय. हसतेय. दार मीच सकाळी लावलं होतं, कडी—कडी नाही—

बाळाशी बोलतेय दाराबाहेर, लाडानं. आलं बघ आजोबांचं घर. उठ गं आता. डोळे उघड. आजोबांना ओ दे. बेथा—